नानांनी जिंकलेल्या दोन सभा

पिंपळीच्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना झाली की चर्चा व्हायची आणि चर्चेत शेवटचा शब्द नाना सोनवण्यांचा असायचा. ही पद्धत नानांनीच पाडलेली. बारामतीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी एकोणतीस वर्षं गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाला दुसरं काही काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी तो वस्तीच्या कामाला लावला. पेपरातला एखादा प्रश्न घ्यायचा, दोन्ही बाजूंनी बोलायचं, मग फडक्यानं तोंड झाकलेला तांब्या फिरवायचा. 'हो' म्हणणाऱ्यानं ज्वारीचा दाणा टाकायचा, 'नाही' म्हणणाऱ्यानं हरभऱ्याचा. कुणी काय टाकलं ते कुणाला कळायचं नाही. मात्र विहारात ठरलं ते घरात पाळायचं, हा नियम पक्का. वस्तीतला हुंडा या तांब्यानं बंद झाला, लग्नातली दारू बंद झाली. नानांना त्याचा कोण अभिमान होता! आणि खरं सांगायचं तर अभिमान हुंड्यापेक्षा आपण कसे बोललो त्याचा जास्त.

सगळं नीट चाललं होतं, तोवर बुद्धघोष बोलायला लागला.

बुद्धघोष दोन घरं सोडून राहायचा. बारामतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. वय बत्तीस, अंगावर इस्त्रीचा शर्ट, बुडाखाली लुना. वस्तीतल्या जयंतीला त्याला पहिल्यांदा बोलायला उभं केलं ते नानांनीच. हात कुठं ठेवायचे, कुठं थांबायचं, सगळं नानांनी शिकवलेलं. आता तोच नेमक्या त्याच जागी थांबायचा आणि लोक टाळ्या द्यायचे, तेव्हा नाना सतरंजीची दशी ओढत बसायचे. आपलंच औषध आपल्याला उलटावं तसं व्हायचं. "पोरगं बरं बोलतंय," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि घरी येऊन तुळसाबाईंना विचारायचे, "त्याच्या बोलण्यात एवढं काय हाय गं?"

तुळसाबाई म्हणजे त्यांची बायको. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "काय न्हाय. थोडक्यात बोलतो."

हे उत्तर नानांना मुळीच आवडायचं नाही.

त्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, नानांच्या घरात एक दुःख येऊन बसलं होतं. त्यांची ज्योत्स्ना मार्च महिन्यात इंदापूरहून निघून आली. चार वर्षांची रेश्मा कडेवर, आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजलेला. नवरा प्यायचा आणि मारायचा. स्टँडवरून तिला लुनावर बसवून घरी आणलं ते बुद्धघोषनं. त्या वेळी नाना कुणाच्या तरी बारशाला भाषण करायला गेले होते. ही गोष्टही त्यांना लागून राहिली होती. आपल्या लेकीचा सुजलेला हात आपल्याआधी त्यानं पाहिला.

आठ महिने ज्योत्स्ना हसली नव्हती. बारामतीचे वकील म्हणाले होते, घटस्फोटाचा अर्ज करू, पण माहेरच्या गावच्या कुणीतरी प्रतिज्ञापत्र द्यायला हवं. नानांचं मन तयार होत आलं होतं. दिवाळी झाली की सही करायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. फक्त अजून बोलले नव्हते. एवढी मोठी गोष्ट अशीच जेवता जेवता सांगून टाकायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिला नीट समोर बसवून, दोन शब्द बोलून सांगायचं होतं.

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी बुद्धघोषनं विहारात आयर्लंड आणलं.

"इंग्लंडच्या शेजारी एक देश हाय," तो सांगू लागला. "शुक्रवारी तिथं मतदान हाय. मानसं निवडायला न्हाय, प्रश्नाला. लग्न मोडायचा हक्क द्यायचा का न्हाय, येवढाच प्रश्न. आजपातुर तिथं घटस्फोटच न्हाय. नऊ वर्षांमागं इचारलं तवा लोकांनी न्हाय म्हनून सांगितलं. आता पुन्ना इचारत्यात. देश निम्मा निम्मा झालाय. घराघरात भांडनं, चर्चमधनं भाषणं, खांबाखांबावर पाट्या, का घटस्फोट आला तर पोरांचा बाप जाईल."

सिंधुबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी. ती पुढ्यातच बसलेली. म्हणाली, "आमच्या आज्जीच्या वक्ताला पंचांपुढं गवताची काडी मोडली का बाई मोकळी. येवढ्या मोठ्या देशाला काडी गावंना व्हय?"

विहार हसला. बुद्धघोष म्हणाला, "न्हाय ना आजी. तिकडं जोडीदार मेल्याबिगार लग्न सुटत न्हाय. म्हंजी बाईनं रोज सकाळी उठून नवऱ्याकडं बघायचं, आज तरी तब्येतीत काय फरक हाय का!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आणि त्यांच्यात ज्योत्स्ना हसली. चांगली मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

नानांनी ते पाहिलं. बापाला आनंद व्हायला हवा होता. पण आठ महिने आपण या पोरीला हसवायला काय काय केलं, जिलेबी आणली, रेश्माला घोडा घोडा करून पाठीवर घेतलं, आणि हा लुनावाला एका वाक्यात हसवून गेला! नानांच्या मस्तकात तिडीक गेली.

तरीही अजून काही बिघडलं नव्हतं. नानांकडे मुद्दा होता. बाबासाहेबांनी बाईच्या हक्कांच्या कायद्यासाठी मंत्रिपदावर पाणी सोडलं, तेव्हा आपल्या वस्तीनं आयर्लंडला 'हो' म्हणायला हवं, असं बोलून ते सभा जिंकणार होते. आणि त्यातच, लेकीकडे बघून, आपला निर्णयही सांगून टाकणार होते. ते घसा खाकरून उठणार, तोच बुद्धघोष म्हणाला, "आन् बाबासाहेबांनी याच हक्कासाठी मंत्रिपद सोडलं, ही गोष्ट मला हितंच, नानांनी सांगितलेली." आणि पुढचं सगळं तो नानांच्याच शब्दांत बोलला. थांबायच्या जागेसकट.

टाळ्या पडल्या. नावापुरता मान नानांना आणि टाळ्या त्याला! नाना उभे तर राहिले होते, पण हातात काहीच उरलं नव्हतं. त्याच्यामागून तेच बोलायचं म्हणजे त्याचा कित्ता गिरवायचा. तेव्हा नानांनी दुसरी बाजू धरली.

एकदा धरली म्हटल्यावर ते अर्ध्यावर थांबणारे नव्हते. "दार सताड उघडं ठिवलं," ते गरजले, "तर घरात ऱ्हानार कोन? आज आमटीत मीठ जास्त झालं, जा. उद्या भाकर करपली, जा. संसार म्हंजी काय एसटी हाय, आवडला न्हाय तर पुढच्या थांब्यावर उतरायचं?" हशा झाला. हशा झाला की नानांना आणखी चढायचं. "मी म्हंतो, ज्या बाईला नवऱ्याजवळ नांदवत न्हाय, तिनं आधी आपल्यात काय उनं हाय ते बघावं!"

टाळ्यांनी पत्रे दणाणले. पुरुष तर जागेवरून उठले. बुद्धघोषचा चेहरा उतरलेला बघून नानांना जे सुख झालं ते नोकरीतल्या बढतीनंही झालं नव्हतं. तांब्या फिरला. एकसष्ट दाण्यांत हरभरे अडतीस निघाले.

घरी आल्यावर मात्र ते सुख उंबऱ्यातच उतरलं. ज्योत्स्ना पिशवीत रेश्माचे फ्रॉक भरत होती.

"कुठं निघालीस?" नानांनी विचारलं.

"इंदापूरला. विहारात ठरलं ते घरात पाळायचं. नियम तुमचाच हाय नव्हं?"

"अगं, ते आयर्लंडचं ठरलं!"

"आयर्लंडला आपला तांब्या कोन विचारतंय, नाना?" ती फ्रॉकची घडी घालतच म्हणाली. "हितं आठ महिनं बापाच्या घरात बसलेली बाई एकच हाय. दानं टाकताना समदी माझ्याकडंच बघत हुती."

नाना तिच्या शेजारी भुईवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "पोरी, मी खोटं बोललो. तुझ्या अर्जावर सही करायचं मी दिवाळीतच ठरवलंय. मी सोता ज्वारी टाकली, शप्पथ."

ज्योत्स्नाच्या हातातली घडी तशीच राहिली. "मग बोलला कशापायी?"

आतून तुळसाबाईंनीच सांगितलं, "त्यो हो म्हनला म्हनून हे न्हाय म्हनलं. दुसरं काय!"

ज्योत्स्ना म्हणाली, "ज्वारी तांब्यात टाकली, ती कुनी बघितली न्हाय. बोललात ते समद्यांनी ऐकलं. पुढच्या ऐतवारी समद्यांपुढं मागं घ्या. तवर मी थांबते."

"घेतो," नाना म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले.

तो आठवडा नानांनी तयारीत घालवला. दोनच वाक्यं म्हणायची होती, 'मी खोटं बोललो' आणि 'माझी लेक बरोबर आहे'. रानातल्या बांधावर जाऊन ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहत. म्हणताना दर वेळी डोळ्यांपुढं बुद्धघोष यायचा, मान तुकवून, समजूतदारपणे ऐकणारा. तो समजूतदारपणाच नानांना सोसवत नव्हता. टोमणा मारला असता तर बरं, असं त्यांना वाटायचं.

रविवारी विहार गच्च भरला होता. नानांनी पंचशील सांगितलं. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याशी, त्यांचा आवाज अडकला. लोकांना वाटलं सर्दी झाली असेल. ज्योत्स्ना पहिल्या रांगेत बसली होती, रेश्माला मांडीवर घेऊन. नाना उठणार, एवढ्यात बुद्धघोष पेपर घेऊन आत आला.

"निकाल लागला!" तो दारातूनच म्हणाला. "आयर्लंडनं हो म्हटलं!"

सगळी सभा त्याच्याकडे वळली. ज्या माणसांनी आठवड्यापूर्वी हरभरे टाकले तीच माणसं, जणू आपल्याच मतानं तिकडचा निकाल लागला अशा थाटात, "आसं का! वा!" करू लागली. सिंधुबाई म्हणाली, "गावली म्हनायची काडी." कुणीतरी बुद्धघोषच्या पाठीवर थाप मारली. तो मात्र नानांकडे बघून म्हणाला, "नाना, तुमीच बोला आता. तुमच्याबिगार निकालाला अर्थ न्हाय."

त्यानं हे खऱ्या आदरानं म्हटलं होतं. नानांना वाटलं, हा मला भीक घालतोय. आता उठून 'मी खोटं बोललो' म्हणायचं, म्हणजे याच्या पायाशी पागोटं ठेवायचं. उद्या सगळी वस्ती म्हणणार, बुद्धघोषनं नानांना नमवलं.

नाना उठले. ज्योत्स्नानं रेश्माला नीट बसवलं आणि वर पाहिलं.

"कितीनं?" नानांनी विचारलं.

"आँ?" बुद्धघोष गोंधळला.

"निकाल कितीनं लागला?"

"नऊ हजारांनी. सोळा लाखांत."

"सोळा लाखांत नऊ हजार!" नानांचा आवाज एकदम मोकळा झाला. "आरं, येवढी मानसं तर बारामतीच्या बाजाराला येत्यात! ह्याला काय निकाल म्हंत्यात? निम्मा देश आजबी मी म्हंतो तेच म्हंतोय. आपल्या तांब्यात पंधरा दान्यांचा फरक पडला, तो निकाल!"

पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. बुद्धघोषही हसला, हात जोडून म्हणाला, "नानांपुढं कोन टिकणार!" नानांनी छाती भरून श्वास घेतला. टाळ्या अजून चालूच होत्या, तेव्हा त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथली सतरंजी रिकामी होती.

सोमवारी सकाळी नाना अंगणात दात घासत होते. ज्योत्स्ना वेणीफणी करून, रेश्माला घेऊन बाहेर आली. हातात पिशवी होती. नानांनी घाईघाईनं चूळ भरली आणि ते तिच्या वाटेत आडवे आले.

"जाऊ नगंस. इंदापूरला मी तुला जाऊ देनार न्हाय. पुढच्या ऐतवारी नक्की बोलतो, तुझ्या गळ्याशप्पथ."

"इंदापूरला न्हाय चालले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे नाना जास्तच घाबरले. "वकिलाकडं चाललेय. बुद्धघोषदादा फाटकाशी थांबल्यात. प्रतिज्ञापत्र तेच देनार हायेत. माझा हात त्यांनीच बघितला हुता त्या दिवशी."

"अगं, पन बाप जित्ता असताना परक्या मानसानं..." नानांचा आवाज चिरकला. "मी हाय की! मी देतो साक्ष. आत्ता येतो, सदरा चढवून आलोच."

"तुमची साक्ष समद्या वस्तीनं ऐकलीया, नाना," ज्योत्स्ना म्हणाली. "दोनदा."

ती त्यांच्या बाजूनं निघून गेली. फाटकाशी बुद्धघोषनं लुना उभी केली होती. नानांना बघून तो ओशाळला, नमस्कारासाठी हात उचलू की नको अशा विचारात पडला. रेश्मा पुढं उभी राहिली, ज्योत्स्ना मागं बसली. नानांनी हाक मारायला तोंड उघडलं. एकोणतीस वर्षांत स्टँडच्या एवढ्या गोंगाटात ज्याचा एक शब्द वाया गेला नाही, त्या माणसाला लेकीच्या नावापलीकडे काय पुकारावं ते सुचेना, आणि तेवढ्यात लुना कॅनॉलच्या रस्त्याला लागली.