वहिनींच्या सुया

"गो आई! आरती थांबलीय, कापूर उडून चाललाय, कुठे गेलीस?" माझा पुतण्या सुधीर असा ओरडत होता की गणपतीनं दोन्ही कान मिटून घेतले, मी स्वतः पाहिलं. घरात हजारेक माणसं असतील, निम्मी मुंबईची आणि उरलेल्या त्यांच्या बॅगा. आणि माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, मागच्या पायरीवर बसून लोकर विणत होत्या. भाद्रपदात! रत्नागिरीत! मोदकांच्या वाफेनं कपाळ निथळतंय आणि मांडीवर मफलर. "एवढी ओळ झाली की आले रे," म्हणाल्या, आणि ओळ संपवूनच उठल्या. हा त्यांचा शेवटचा गणपती... दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या. झोपेत, कोणाला हाक न मारता.

विणकाम त्या राजापूरला माहेरी शिकल्या होत्या. भाऊ गेला त्या वर्षीच्या गणपतीत त्यांनी हा मफलर सुरू केला. उंबरा ओलांडून जो येईल त्याच्या नावाची एक ओळ. चुलीवर मोदकपात्र चढलं की पायरीवर यायचं, सुया घ्यायच्या आणि टाक्याटाक्याला पुटपुटायचं, "बरं झालं आलास हो." विसर्जनाला सुया तशाच टोचून ठेवायच्या, पुढच्या गणपतीत तिथून पुढे. मी म्हणायचो, "वहिनी, आता हा भगवती बंदराच्या दीपगृहाला गुंडाळला तरी उरेल." त्या म्हणायच्या, "गुंडाळा. तेवढीच त्याला ऊब." घरात भांडीकुंडी, भजनं, जावांची धुसफूस, पोरांची रडारड... आणि ह्या बाईचा चेहरा बघावा तर भरतीनंतरच्या खाडीसारखा शांत. "हात चालले की डोकं निवतं, भावजी. आणि आलेल्या माणसाचे आभार तोंडानं मानले तर तो लाजतो. लोकरीला सांगितलेलं बरं."

पाहुणे परतले की घरात आम्ही दोघंच. मी बिनलग्नाचा दीर, त्या विधवा भावजय. मी दिवसभर थापा मारायच्या, त्यांनी अर्ध्या ऐकायच्या. एकदा मी भांडलोच. "मुंबईच्या जावयाच्या मित्रालासुद्धा ओळ, आणि माझी कुठाय?"

"तुम्ही कुठे आलात? तुम्ही तर आहातच."

"मी रोज बाजारातून येतो!"

"ते येणं नव्हे, परतणं. चार दिवस कुठेतरी राहा, मग या. घालते ओळ."

मी गेलो नाही. ओळीचा मोह होता, खोटं कशाला बोलू? पण मी गेलो असतो तर त्या घरात वहिनींशी बोललं कोण असतं?

तेरावं झालं तसं घर एका दुपारीत रिकामं झालं. सुधीर म्हणाला, "काका, एकटे नका राहू, चला." मी मफलर सुयांसकट स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगला, शेजारच्या सुमनताईंकडे किल्ली दिली आणि निघालो. मुंबईत मी तोंड उघडलं की सगळे आपापल्या फोनकडे बघायचे. थापेलासुद्धा एक ऐकणारं माणूस लागतं. आठवडा कसाबसा काढला आणि रात्रीच्या एसटीनं पहाटे रत्नागिरीला उतरलो.

घराशी येईपर्यंत उन्हं वर आली होती. आधी मागे गेलो. पायरी झाडलेली होती. खिडकीच्या गजांतून खुंटी दिसत होती, तिच्यावर मफलर, सुया जशाच्या तशा. पुढच्या अंगणात आलो, पिशवी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच मी राहून आलो होतो... जिभेला कोण आवरणार? नेहमीसारखा गावभर ऐकू जाईल असा ओरडलो, "वहिनी, मी आलो हो!"

कुंपणापलीकडे सुमनताई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वळून पाहिलं.

"किल्ली माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "आणते."