आधी चमचा खाली ठेव!

"घाल गं, अजून कसली वाट बघतेस? काशीत जन्म काढला, आता कोरड्या घशानं जाऊ देणार आहेस का तिला?" चुलतसासूबाई माझ्या कानाशी ओरडत होत्या. माझ्या एका हातात गंगाजलाची लोटी, दुसऱ्यात चमचा आणि समोर खाटेवर माझ्या नणंदबाई, विजूवन्सं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना गिळता येत नव्हतं. त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, लखनौहून गाडीत बसले होते. ते येईपर्यंत श्वास टिकला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. महिना होत आला त्या दिवसाला.

वन्सं जनावरांच्या डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, तरी मंगला गौरीच्या आमच्या गल्लीत कुणाची कोंबडी मान टाको की बदक लंगडो, माणसं त्यांनाच गाठत. "गाई-म्हशींना पुष्कळ डॉक्टर आहेत, या पिसवाल्यांना कोण आहे?" म्हणायच्या. आमच्या भटाच्या घरात ठकी नावाचं बदक आलं तेही त्यांच्यामुळेच. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग स्वतःच्या ताटातला भात तिला घालू लागल्या. एका दुपारी ठकीचं अंडं आत अडकलं. बिचारी शेपटी टाकून कुंथत होती, चोच उघडी, डोळे मिटत चाललेले. आम्ही काशीची माणसं, जीव जातोय असं दिसलं की हात आपोआप गंगाजलाकडे जातो! सासूबाईंनी चमचा चोचीला लावला आणि जिन्यावरून वन्संची गर्जना झाली, "आई, आधी चमचा खाली ठेव! पाणी श्वासनळीत गेलं तर अंडं राहिलं बाजूला, तूच मारशील तिला!" मग कोमट पाण्याचं घमेलं, त्यात ठकी, आणि दार लावून अंधार. "आता कुणी बोलू नका," म्हणाल्या, आणि स्वतःच दारापाशी येरझाऱ्या घालत बसल्या. "वन्सं, जगेल ना हो?" मी विचारलं. "मला काय विचारतेस? माझंच काळीज धडधडतंय!" संध्याकाळी अंडं पडलं तेव्हा ही गर्जना करणारी बाई पदर तोंडाला लावून रडली...

तर त्या दिवशी वन्संच्या खाटेपाशी मी चमचा खाली ठेवला. बोट गंगाजलात बुडवून वन्संच्या ओठांवरून फिरवलं, एवढंच. चुलतसासूबाईंनी कपाळावर हात मारला. हे पोहोचले, वन्संनी त्यांचा हात धरला आणि मगच गेल्या. तरीही जिवाला घोर लागतोच. शेवटची घोटभर गंगा... मी अडवली का? आता हे विचारू तरी कुणाला?

परवा वन्संचा मोबाइल वाजला. अहिल्याबाई घाटाजवळची कुणी बाई रडत होती, "डॉक्टर दीदी, हमारी बत्तख गर्दन नहीं उठा रही, गंगाजल पिलाए हैं, फिर भी..." "और मत पिलाइए!" मी ओरडले, "चम्मच रख दीजिए पहले!" मग ती म्हणाली, "रख दिया, दीदी. अब?"

अब? पुढचं मला कुठं ठाऊक होतं! फोन तसाच हातात धरून मी जिन्यापाशी धावले आणि वरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "वन्सं, लवकर या हो..."