धागा नसलेलं पिस्तूल

ती घटना विसरून जावी असं मला पुष्कळदा वाटलं, पण निवृत्तीनंतरही ती पाठ सोडत नाही. त्यात ना खून होता, ना दरोडा. एक जुनं पिस्तूल होतं आणि एका माणसाची अब्रू होती. नाव कुणाचंच सांगणार नाही, ठाण्याचंही नाही. भंडारा जिल्ह्यात मी तेव्हा ठाणेदार होतो, एवढं पुरे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रं ठाण्यात जमा करून घ्यावी लागतात. बंदोबस्ताच्या धांदलीत हे काम म्हणजे डोक्याला ताप. त्या वर्षी नेहमीच्या बारा बोअर बंदुकांबरोबर करडी गावच्या एका शेतकऱ्याचं दुनळी पिस्तूल आलं. त्याचे आजोबा वाघाच्या शिकारीसाठी त्या काळी सगळ्या मध्य प्रांतात नावाजलेले. जखमी वाघाच्या मागावर पायी जाताना शेवटचा उपाय म्हणून ते हे पिस्तूल कमरेला बाळगत. पोचपावतीवर लिहिलं गेलं, 'जुने दुनळी पिस्तूल, एक नग, क्रमांक अस्पष्ट'. खाली माझी सही. पिस्तुलाकडे न बघता केलेली.

निकाल लागला, शस्त्रं परत द्यायला सुरुवात झाली. करडीचा तो शेतकरी, शिकाऱ्याचा नातू, आला. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारानं, ज्याला ठाण्यात मोहरर म्हणतात, पिस्तूल टेबलावर ठेवलं. नातवानं ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि खाली ठेवलं.

"साहेब, हे माह्या आजोबाचं नोहे."

मी हसलो. वाटलं, चिठ्ठी बदलली असेल. पण त्यानं मोबाइलमधला फोटो पुढे केला. दसऱ्याच्या पूजेतला फोटो, अर्धं पिस्तूल झेंडूखाली. जेवढं दिसत होतं त्यात लोखंड काळं पडलेलं, पितळ मळकं आणि मुठीवर कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा घट्ट गुंडाळलेला. टेबलावरच्या पिस्तुलाच्या नळ्या लखलखत होत्या, पितळ सोन्यागत पिवळं आणि मूठ उघडी, लाकडाची.

"आजोबाच्या हाताले घाम यायचा, तं मूठ सटकू नये म्हणून आंधळगावच्या कोष्ट्यानं धागा गुंडाळून देल्ला होता. तो कुठं गेला? तुमी दुसरंच मले देऊन राहिले."

मी पोचपावती पुन्हा काढून पाहिली. क्रमांक न वाचता येणारं हत्यार पोलिसांच्या कुलपातून गेलं, तर ते उद्या कुणाच्या हातात असेल? प्रयोगशाळेकडे पाठवायचं तर तुलना कशाशी करणार? नातवानं दोन दिवसांची मुदत दिली, मग तो थेट पोलीस अधीक्षकांकडे जाणार होता. मला जेवण गोड लागेना.

मुद्देमाल कक्षाची किल्ली एकाच माणसाकडे असायची. हा हवालदार मितभाषी, शिस्तीचा, निवृत्तीला चार महिने राहिलेला. तेहेतीस वर्षांत एक वाईट शेरा नाही. पण मी त्याची मुद्देमालाची नोंदवही बघण्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो उतरलेला होता.

त्याच दुपारी तुमसरहून आमच्या खबऱ्याचा फोन आला. धानाच्या बाजारात बसून साऱ्या गावाची खबर ठेवणारा हा इसम फारसा चुकत नसे.

"साहेब, तुमचा मोहरर पंधरा दिवसांत दोनदा जुन्या पितळी सामानवाल्याच्या दुकानात दिसला जी. थैलीत काहीतरी होतं."

झालं. माझ्या डोक्यात गोष्ट पुरी झाली. मी हवालदाराला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"कुठं विकलंत?"

"काय साहेब?"

"पिस्तूल. कुणाला दिलंत?"

"मी नाही विकलं जी. तेच होय ते."

"मग धागा कुठं आहे? तुमसरला त्या दुकानात कशाला गेला होतात?"

तो खाली बघत राहिला. मी आवाज चढवला, निलंबनाची भीती घातली, निवृत्तिवेतनाची आठवण दिली. तासभर विचारलं. त्यानं तोंड उघडलं नाही. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, एवढं मला नोकरीनं शिकवलं होतं. तो लपवत होताच. काय लपवतो, हे मात्र मी आधीच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारणं नोंदवून, दोन पंच घेऊन मी त्याच्या घराची झडती घेतली. घर बाजाराच्या गल्लीत. जीप थांबली तशी समोरच्या दुकानांतली माणसं रस्त्यावर आली. त्याची बायको दारात उभी होती. माझ्या शिपायांनी कपाट उघडलं, लुगडी बाहेर काढली, धान्याची कोठी हातानं चाळली. काही सापडलं नाही. पंचनाम्यात 'काही मिळून आले नाही' असं लिहून आम्ही निघालो. हवालदाराला मी रजेवर बसवलं आणि निलंबनाचा प्रस्ताव टाइप करायला सांगितला.

प्रस्तावावर सही करायला पेन उचललं आणि नातवाचं ते वाक्य आठवलं. आंधळगावचा कोष्टी. पिस्तूल ओळखणारं कुणी उरलं असेल तर ते त्या घरातच. पेन खाली ठेवलं. पिस्तूल पाकिटात सील करून, नातवाला आणि दोन पंचांना घेऊन मी आंधळगावला गेलो.

धागा गुंडाळणाऱ्या कारागिराचा नातू सत्तरीचा, अजून हातमागावर बसणारा. मी त्याला काही सांगितलं नाही. पंचांसमोर सील तोडलं आणि मूठ त्याच्या हाती दिली. तो मागावरून उठला, खिडकीच्या उजेडात गेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मूठ नाकाजवळ धरून तिरकी फिरवू लागला.

"याच्यावर धागा होता साहेब. लय वर्सं होता."

"कशावरून?"

त्यानं माझं बोट धरून लाकडावरून फिरवलं. बारीक, एकाला एक लागून रेघा हाताला लागल्या. डोळ्यांना त्या दिसतही नव्हत्या. मग त्यानं मुठीच्या बुडाशी नख टेकवलं. तिथं तिरकी, अरुंद खाच होती.

"आमच्या घरी शेवटाले गाठ नाही मारत. गाठ तळव्याले टोचते. लाकडात अशी खाच पाडून टोक दाबून देते. हे काम माह्या आजाचंच होय. धागा कोणं काढला पण?"

करडीच्या नातवानं मोबाइलवरचा फोटो मोठा केला. झेंडूच्या पाकळीखालून मुठीचं बूड तेवढं दिसत होतं, आणि धाग्याचं टोक बरोबर त्याच जागी लाकडात शिरलं होतं. तो बराच वेळ फोटो आणि मूठ आळीपाळीनं बघत राहिला. "तेच हाये," तो शेवटी म्हणाला. मला हायसं वाटायला हवं होतं, पण गल्लीत उभी राहिलेली ती माणसं डोळ्यांपुढे आली.

परत आल्यावर हवालदाराला बोलावलं. या वेळी दार उघडं ठेवलं.

"हवालदार, पिस्तूल साफ केलंत का?"

तो मटकन खुर्चीत बसला आणि रडू लागला.

"गंजून राहिलं होतं जी. बारा वर्सं शस्त्रागारात काढली मी. गंजलेलं हत्यार पाहवत नाही मले. धाग्याखाली ओल धरली होती, तं धागा काढला, तो कुजका निघाला, जाळून टाकला. तुमसरच्या दोन खेपा करून पितळेचा पॉलिश आणला. मालक खूश होईल असं वाटलं होतं."

"मग आधीच का नाही सांगितलं?"

"जमा हत्याराले विना परवानगी हात लावला, हाच गुन्हा. तुमी पयलेच विचारलं, कुठं विकलं म्हणून. त्याच्यावर मी साफ केलं म्हटलं असतं, तं तुमी मानलं असतं काय?"

मानलं नसतं. हे मी त्याला त्याच वेळी सांगितलं.

नातवानं तक्रार केली नाही. आजोबांच्या पिस्तुलाचा जुनेपणा पुसला गेला याचं दुःख त्याला झालं, ते बरोबरच होतं. पण आंधळगावच्या त्याच घरातून त्यानं नवा धागा गुंडाळून घेतला. हवालदाराला सक्त ताकीद मिळाली. माझ्या न बघता केलेल्या सहीबद्दल मी स्वतःहून खुलासा दिला. 'तपास कौशल्यपूर्ण' असा शेरा वरिष्ठांनी मारला. तो वाचून मला लाज वाटली. पहिल्या प्रश्नातच मी उत्तर भरून ठेवलं होतं, आणि त्यामुळे खरं बोलायची वाट मीच बंद केली होती. पुढच्या सगळ्या नोकरीत कुणालाही आधी 'काय झालं?' एवढंच विचारायचं, हा नियम मी त्या दिवशी स्वतःला घालून घेतला.

चौकशी बंद झाल्याचा आदेश मी स्वतः त्याच्या घरी घेऊन गेलो. भर दुपारी, मुद्दाम वर्दीत, साऱ्या गल्लीला दिसावं म्हणून. दुकानांतली माणसं पुन्हा बाहेर आली. हवालदार घरी नव्हता. त्याची बायको दारात आली, तिनं जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडण्याआधीच आत जाऊन कपाटाची किल्ली आणली. किल्ली अंगणातल्या बाजेवर माझ्यासमोर ठेवून ती बाजूला उभी राहिली.

"बाई, झडतीला नाही आलो," मी म्हणालो. आदेश वाचून दाखवला, बाहेरच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. माझी चूक झाली, हेही म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. पण मी अंगणाबाहेर पडेपर्यंत तिनं ती किल्ली उचलली नाही.