काकांच्या तळघरातलं डिझेल

अमेरिकेत, पिस्कॅटवेला सात वर्षं काढल्यावर मी सेकंड-हँड डिझेल गाडी घेतली. बाकीचे देशी लोक आपले पेट्रोलवाल्या, फार तर बॅटरीवाल्या गाड्या घेतात. मी पडलो पुण्याचा, तेव्हा मला चारचौघांपेक्षा जास्त कळणार हे उघडच होतं. वडिलांनी आयुष्यभर डिझेल गाडी चालवली होती आणि पेट्रोलवाल्या शेजाऱ्यांची मनापासून कीव केली होती.

"इथला रेट बघितलास का?" बायकोने विचारलं.

"रेट काय बघायचा? डिझेल आहे ते."

पहिल्याच वेळी पंपावर गेलो, तर बोर्डवर डिझेलचा आकडा पेट्रोलपेक्षा चांगला ठसठशीत जास्त. पंपावरच्या माणसाला मी नम्रपणे सांगितलं, की तुमचे आकडे उलटे लागलेत. तो पंजाबी निघाला. इतक्या करुणेने माझ्याकडे व्हिसा ऑफिसरनेही कधी बघितलं नव्हतं.

"नये आये हो?" त्याने विचारलं. सात वर्षं झाली, हे मी सांगितलं नाही.

"बाबा, डिडन्ट यू चेक?" मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली.

पण स्वतःची चूक मान्य करण्यापेक्षा तेल कंपन्यांचं कारस्थान शोधून काढणं सोपं असतं. पुढचे सहा महिने मी ते प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे एकत्र करून होणाऱ्या जेवणाला, उलगडून सांगितलं. ऐकणाऱ्यांत आमच्या मागच्या गल्लीतले एक काका असायचे. केमिकल इंजिनिअर, तीस वर्षं रिफायनरीत काढून रिटायर झालेले. ते शांतपणे जेवत राहायचे. मी ते अनुमोदन समजत होतो.

जानेवारीत तीन दिवस बर्फ पडला आणि रविवारी सकाळी काकांचा फोन आला. "अरे, जरा पंपावर नेतोस का?"

त्यांच्या तळघरातली, घर गरम ठेवणाऱ्या हीटिंग ऑइलची टाकी रिकामी झाली होती आणि तेलाचा ट्रक बर्फामुळे मंगळवारपर्यंत येणार नव्हता. काकू स्वयंपाकघरात ओव्हरकोट आणि कानटोपी घालून बसल्या होत्या. काका डिझेलचे दोन पिवळे कॅन घेऊन दारात तयार.

"काका, पण डिझेल कशाला? तुम्हाला हीटिंग ऑइल हवंय ना?"

"तेच ते. सख्खे भाऊ." गाडीत बसल्यावर ते सांगू लागले. "इकडे थंडी पडली की हजारो घरं हेच जाळतात. ट्रक, आगगाड्या, ट्रॅक्टर, सगळ्यांना हेच लागतं. त्यातून सल्फर काढायचा खर्च वेगळा. शिवाय ट्रक रस्ते झिजवतात, म्हणून टॅक्सही पेट्रोलपेक्षा जास्त."

"मग आपल्याकडे स्वस्त कसं होतं?"

"स्वस्त नव्हतं रे. सरकारने स्वस्त ठेवलं होतं."

मी सिग्नलला गाडी थांबवली. "हे तुम्ही पॉटलकला का नाही बोललात?"

"तू बोलत होतास ना."

पंपावर कॅन भरताना काका हसायला लागले. घरच्या तेलाला हा रस्त्याचा टॅक्स नसतो, पंपावरच्या डिझेलला मात्र भरावा लागतो. "आज माझं तळघर हायवेवरून धावणार बघ!"

गुडघाभर बर्फात उभं राहून आम्ही घराबाहेर आलेल्या टाकीच्या पाइपमध्ये नरसाळ्याने डिझेल ओतलं. अर्धा पेला माझ्या पँटवर. मग तळघरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका थंड सिमेंटवर गुडघे टेकून बसले. मी टॉर्च धरला. त्यांनी भट्टीचा एक छोटा स्क्रू सैल करून पाइपमधली हवा काढली आणि लाल बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा हवा काढली, पुन्हा बटण. भट्टी खोकली आणि गप्प झाली. काका पुन्हा स्क्रूकडे वळले.

"मी करू का?"

"तू टॉर्च धर."

तिसऱ्या वेळी धप्प आवाज झाला आणि ज्योत पेटली. काका जिन्याच्या पायरीवर टेकले.

"मुलगा तिकडे सांता क्लाराहून फोनवर म्हणतो, हॉटेलात जा. हिला दुसऱ्याच्या अंथरुणात झोप लागत नाही. त्याला कुठं माहीत असणार?" एवढं बोलून ते कठड्याला धरून उठले. मी टॉर्च बंद केला.

वर आलो तेव्हा काकू रेडिएटरवर दोन्ही तळवे टेकवून उभ्या होत्या. त्यांनी कानटोपी काढली आणि आमच्याकडे नीट बघितलं.

"आधी पाय पुसा दोघं. सगळ्या घरात घासलेटाचा वास सुटलाय."