दक्ष उठला ती जत्रा

माझं सासर आणि माहेर दोन्ही मुरुमातच, मधे दोनच गल्ल्या. असं असूनही लग्नानंतरचा एक अख्खा हिवाळा मी माहेरी बसून काढला, आणि त्याला कारण माझ्या नवऱ्याचा रिकामा गळा.

आम्ही जंगम, लिंगायतांचे पुजारी. माझे वडील, अप्पा, मठाचे स्वामी. गावातल्या पोरांच्या गळ्यात लिंग बांधायचं काम त्यांचं. सासरी वीरभद्राचं पुरवंतपण होतं; म्हणजे जत्रेत हातात खड्ग घेऊन, दक्षाच्या यज्ञाची कथा म्हणत नाचायचं. पूजाही त्यांचीच, तलवारही त्यांचीच. आमच्या मालकांनी मात्र ती तलवार खुंटीला टांगली आणि रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरच्या कॅम्पात जाऊन त्यांच्याविरुद्ध बंदूक धरली. पुढं पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गावभर साखर वाटली, आणि हे घरी आले ते लिंगाशिवाय. नदी ओलांडताना ते वाहून गेलं होतं.

लिंग हरवलं तर गुरूकडून दुसरं मिळेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, अशी आमच्यात रीत. अप्पांनी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"भाकरी खाल्ली. लई भूक लागली होती," हे म्हणाले. वर आणखी, "अन् देव असता तर तिकडं कुठं तरी दिसला असता की."

अप्पांनी त्याच दुपारी मला घरी आणलं. "रिकाम्या गळ्याच्या घरात माझी लेक नांदायची न्हाय!" माझी आई, अव्वा, व्यवहारी बाई. तिनं तोड काढली, की बाजारातून एक लिंग आणून गळ्यात घालावं, मनात काय चाललंय ते कोण बघतंय? मी तसा निरोप धाडला. उत्तर आलं, "खोटं घालणार न्हाय." त्या उत्तरानं मला तो माणूस आणखीच आवडला, आणि म्हणूनच संताप दुप्पट झाला. त्या दिवशी माझ्या हातच्या आमटीत मीठ इतकं पडलं, की अप्पांनीसुद्धा काही विचारलं नाही.

अशात जत्रा आली. भीतीपायी आधी ती नीट भरलीच नव्हती, त्यामुळं लोकांनी सगळी हौस एकदम भागवून घेतली. दोन बैलगाड्या जोडून, त्यांवर चुन्यानं रंगवलेली गोणपाटं टाकून कैलास उभा केला. यज्ञाचा मांडव कडब्याचा. देवांना अंबाडीच्या दाढ्या, आणि चंद्राच्या डोक्याला जेवायची पितळी बांधलेली. माझे चुलतसासरे दरवर्षी वीरभद्र व्हायचे. ते आदल्या दिवशी त्या कैलासावरूनच खाली पडले आणि पाय मुरगळून बसले. मान घराण्याचा, म्हणून पंच आमच्या मालकांकडं गेले.

"सोंगच हाय न्हवं? करतो," हे म्हणाले. "सोंगाला लिंग कशाला लागतंय?"

आणि दक्ष? गावात सगळ्यात मोठा आवाज अप्पांचा, म्हणून दक्ष कायमचे तेच. जावयाचा अपमान करणारा सासरा! गावाला आयतंच मिळालं. अप्पा सकाळपासून कोहळ्याची दोरी ओढून ओढून बघत होते. कारण दक्ष धोतराच्या पडद्याआड बसतो, त्याच्या डोक्याच्या वर डोळे-मिशा काढलेला कोहळा टांगतात आणि वीरभद्राचं खड्ग त्या कोहळ्यावर पडतं. मग दक्षाच्या घरची बाई पदर पसरून अभय मागते. वीरभद्र विभूती टाकतो आणि दक्ष बोकडाचा मुखवटा लावून उठतो. मुखवटा देवळात उतरेपर्यंत त्यानं माणसासारखं बोलायचं नाही, फक्त बोकडासारखं ओरडायचं. पदर पसरायचा मान अव्वाचा, पण तिचे गुडघे नेमके त्याच दिवशी दुखायला लागले. अव्वाचे गुडघे फार हुशार होते.

म्हणून मी उभी राहिले. कित्येक महिन्यांनंतर यांना समोर बघत होते. तांबडं धोतर, छातीवर देवाचा चांदीचा टाक. सुरुवातीला यांनी कथा अशी म्हटली, जणू पोस्टातलं कार्ड वाचतायत. मग ढोल तापले, वडिलांकडून शिकलेलं कथेचं कानडी आपोआप तोंडात आलं, पाय सुटले. "आहा रुद्रा!" खड्ग फिरलं आणि कोहळ्याची दोन भकलं झाली. गाव ओरडलं.

हे मात्र तसेच थांबले. खाली पडलेल्या कोहळ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, पुढचं विसरले. मी पदर पसरून पुढं झाले आणि माझंही कानडी पळून गेलं. साध्या मराठीतच मी म्हणाले, "माझ्या बापाला उठवा."

यांनी मूठभर विभूती टाकली. धोतर बाजूला झालं आणि अप्पा उठले. मुखवटा एका कानावर कललेला. "ब्याऽऽ!"

सगळी जत्रा हसली. यांनी ते बोकडाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अप्पांचे खांदे चाचपले, दंड चाचपले. मग हे हसता हसता रडायला लागले.

आता रीतीप्रमाणं वीरभद्रानं मागायचं आणि दक्षानं द्यायचं. दरवर्षी गावासाठी पाऊस-पाणी मागतात. त्या वर्षी मागून कुणी तरी ओरडलं, "बायको मागा की ओ, बायको!" मी पदर नीट केला. खोटं कशाला बोलू, मी तयारच होते.

हे गुडघ्यावर बसले. "स्वामी, माझ्या गळ्यात लिंग बांधा."

मला असा राग आला! मी पदर पसरून समोर उभी, आणि यांना हवंय लिंग! पण तो राग टिकला नाही. अप्पांना बोलता येत नव्हतं. ते मान हलवून हलवून "ब्या, ब्या" करत राहिले, आणि मुखवट्याखालून त्यांच्या दाढीवर पाणी गळत होतं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठात लिंग बांधलं गेलं आणि उन्हं उतरताना मी बोचकं घेऊन यांच्यामागं सासरी निघाले. पहिल्या गल्लीतच विचारलं, "कॅम्पात न्हाय दिसला, तो देव सोंगात कसा दिसला तुम्हाला?"

"देव न्हाय दिसला," हे म्हणाले. थोडं चालले. "तिकडं म्या गोळी घातली, एक माणूस पडला. म्या लई वेळ तिथंच बसलो. वाटलं, उठंल. उठला न्हाय." मग म्हणाले, "काल उठला."

"अहो, ते अप्पा होते. बोकडाचं तोंड लावलेले."

"असू दे की," हे म्हणाले. "उठला न्हवं?"