यंदा किती दाखवायचं?

भिवंडीत माझ्या टेबलासमोर बसलेला माणूस आपण किती कमावलं ते सांगत नाही. तो विचारतो, "यंदा किती दाखवायचं?" बावीस वर्षं मी लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते आहे. मी सीए नाही. धामणकर नाक्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली आहे. दोन कॉम्प्युटर, एक पंखा, आणि खाली रिक्षावाल्यांचा आरडाओरडा. जून ते सप्टेंबर जेवणाचा डबा दुपारी चारला उघडते.

दाखवायचं किती, या प्रश्नात मला पूर्वी काही वावगं वाटत नसे. छोट्या धंद्याला कायद्यानंच सूट दिली आहे. हिशोबाच्या वह्या ठेवू नका, वर्षभरात आलेल्या रकमेवर ठरावीक टक्के नफा धरा आणि मोकळे व्हा. त्याहून कमी धरला तर वह्या मागतात. जास्त धरला तर कोणी काही विचारत नाही. म्हणून ज्याला कर्ज हवं तो जास्त दाखवतो आणि ज्याला नको तो कमी. फक्त करमाफीची मर्यादा ओलांडायची नाही, एवढं मी सांभाळायचं.

ही मर्यादा पूर्वी कमी होती, त्यामुळे कोणाला फार फुगता येत नव्हतं. मग ती बारा लाखांवर गेली. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्याच दिवसापासून माझा फोन वाजायला लागला आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, आता बारापर्यंत फुकट आहे ना, मग दाखवा.

नारपोलीतला एक लूमवाला माझ्याकडे पंधरा वर्षं येतो. कोकणी मुसलमान, आजोबांपासून कापडात. सोळा साधे लूम म्हणजे यंत्रमाग, व्यापाऱ्याचं सूत घ्यायचं, कापड विणून द्यायचं आणि मीटरवर मजुरी घ्यायची. यंदा जूनमध्ये तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. मुलगी बारावी झाली होती, फार्मसीच्या प्रवेश परीक्षेतही चांगले मार्क होते. पेढा खाऊन मी अभिनंदन केलं आणि त्याचं बँक स्टेटमेंट उघडलं. मजुरीचे अठरा लाखांच्या आसपास जमा होते.

"ताई, यंदा अकरा दाखवा," तो म्हणाला.

का, ते त्यानं सांगितलं. साध्या लूमच्या कापडाला आता भाव नाही. आठ लूम काढून त्यांच्या जागी झपाट्यानं विणणारी दोन नवी रेपियर मशीन घ्यायची होती. बँकेचा साहेब म्हणाला होता की हप्ता झेपेल असं उत्पन्न कागदावर दिसू द्या. मी जीएसटीची मर्यादा तपासली, कर शून्य येतो का ते पाहिलं, मागच्या वर्षी साडेपाच होते त्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, मागच्या वर्षी मशीन घ्यायची नव्हती. मला ते पटलं. करासंबंधी विचारायचं ते सगळं मी विचारलं. पेढ्यांचा बॉक्स कीबोर्डच्या शेजारीच होता. मुलगी पुढे कुठे शिकणार, फी कोण भरणार, हे मी विचारलं नाही. तो माझा विषय नव्हता.

ऑगस्टमध्ये मुलगी एकटी आली. हातात प्लास्टिकची फाइल, डोक्यावरून ओढणी, आवाज अगदी शांत. कल्याणकडच्या कॉलेजात तिला फार्मसीची जागा लागली होती. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलीचं कॉलेजचं शिक्षण शुल्क सरकार भरतं. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिनं सेतू केंद्रात अर्ज केला, सोबत वडिलांचं रिटर्न जोडलं, आणि दाखला अकरा लाखांचा मिळाला. कॉलेजात कागद द्यायला चार दिवस उरले होते. फी भरून प्रवेश घ्यायचा तर लाखाच्या वर रक्कम लागत होती आणि घरात जे होतं ते मशीनच्या ॲडव्हान्समध्ये गेलं होतं.

तिनं दाखला माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, आमचं खरं उत्पन्न किती आहे?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कागद ओढला आणि दोघींनी बेरीज केली. लाइटबिल, कारागिरांची मजुरी, गाळ्याचं भाडं, सुटे भाग. कारागिरांना आठवड्याला किती जातं ते तिला पाठ होतं, शनिवारी पाकिटं तीच भरत असे. सगळं वजा करून साडेतीन लाख राहिले. म्हणजे सरकारच्या नियमात ती अगदी चोख बसत होती. आड येत होता तो फक्त मी टाइप केलेला आकडा.

सुधारित रिटर्न भरता येतं, हे मी तिला सांगितलं. ते खरं आहे. त्याच्या जोरावर नवा दाखला मिळेल का हे मात्र मला माहीत नव्हतं, म्हणून तहसील कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"जूनमध्ये अकरा आणि ऑगस्टमध्ये साडेतीन? दोन महिन्यांत लूम बुडाले काय, मॅडम?" तो हसला. मग नीट सांगितलं की वह्या आणा, बिलं आणा, तलाठ्याची चौकशी होईल, आणि चार दिवसांत काही होणार नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. वह्या तर नव्हत्याच. ठेवू नका असं मीच सांगत आले होते.

तरी मी सुधारित रिटर्न तयार करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावलं. ती दोघं आली. मी त्यांना म्हटलं, तुमचा ओटीपी आला की हे जातं, चौकशीत मी सोबत येते, कॉलेजकडे मुदत मागू. वडिलांनी स्क्रीनवरचा साडेतीनचा आकडा वाचला.

पहिल्या मशीनच्या कर्जाचा निम्माच पैसा सुटला होता. उरलेला मशीन बसल्यावर मिळणार होता आणि त्याआधी बँक पुन्हा रिटर्न काढून बघणार होती. तिकडे आठ लूम गॅस कटरनं कापून किलोच्या भावानं भंगारात गेले होते. मी गाळा पाहिलेला आहे. अर्धा गाळा रिकामा म्हणजे काय ते मला कोणी समजावायची गरज नव्हती.

वडील मुलीकडे वळले. "बेटा, मशीन अडकली तर उरलेले आठ लूम हप्ता पण भरणार आणि घर पण चालवणार? तूच हिशोब कर. तुला येतो."

तिला खरंच येत होता. ती म्हणाली, "नका पाठवू, मॅडम." मग फाइलची चेन लावता लावता, "जूनमध्ये तुम्ही सांगितलं असतं तर बाबांनी साडेसात दाखवले असते का?"

साडेसातवर बँकेनं किती दिलं असतं हे मला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, "सांगायला हवं होतं." वडील पाकीट काढू लागले. सुधारित रिटर्नचे पैसे मी घेतले नाहीत, ते गेलंच नव्हतं.

आता ती इथल्याच कॉलेजात बीएस्सीला जाते. सप्टेंबरात एक मशीन आलं आणि त्याच्या कर्जाचा उरलेला पैसा सुटला. त्या दिवशी वडील मला सांगायला वर आले, मुलगीही सोबत होती. ती पुढच्या वर्षी पुन्हा फार्मसीची परीक्षा देणार आहे. तिनं वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून आणले होते. पहिला हाच, की पुढचं रिटर्न आठच्या आत येईल का. वडील म्हणाले, दुसऱ्या मशीनचं कर्ज अजून मंजूर व्हायचं आहे, साहेबाला उत्पन्न चढतं हवं आहे.

माझ्या टेबलावर नव्या इन्कम टॅक्स कायद्याचं जाड पुस्तक पडलं होतं. जुनी कलमं मला घरांच्या नंबरांसारखी पाठ होती, आता सगळे नंबर बदलले आहेत. पुढच्या वर्षीचं काम त्यातूनच करायचं आहे आणि माझी अजून तीस पानंही झालेली नाहीत. पण त्यात कुठेही त्या दोघांसाठी एकच आकडा लिहिलेला नाही, हे मला न वाचताही माहीत होतं.

"पुढच्या वर्षी नवा कायदा आहे, बघू," मी म्हटलं. काहीच सांगता येत नसलं की मी लोकांना हेच सांगते. वडिलांनी मान हलवली. मुलीनं पहिल्या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली आणि दुसरा विचारला, की वह्या ठेवायच्या तर कधीपासून सुरू करू. आजपासून, मी म्हटलं. ते तिनं लिहून घेतलं.