कपातीची यादी

"पोरीला तोंड न्हाई, पण अक्षर लई चांगलंय. यादी लिहायला हीच बरी. लिहील आन् गप बसंल."

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. लग्नाला दीड महिना झाला होता. मी मोरीत भांडी घासत होते आणि बाहेर मामा, म्हणजे माझे सासरे, आमच्या ह्यांना सांगत होते. हे "हाव" म्हणाले. मी नळ जरा मोठा सोडला. आपण ऐकलं, हे त्यांना कळू नये म्हणून.

मामा लातुरात रूमचे एजंट. क्लासेसच्या भागात, आमच्या घराला लागूनच एक दुमजली इमारत आहे, आठ खोल्यांची. मालक पुण्याला. भाडेकरू आणायचे, डिपॉझिट धरायचं आणि खोली खाली करताना त्यातून काय काय कापायचं ते ठरवायचं, हे सगळं मामांकडं. कपातीची यादी तेव्हापासून मी लिहिते. जाताना प्रत्येक जण काही ना काही विसरतोच. बादली, चप्पल, देवाचा फोटो. ते आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भंगारवाल्याला देतात. किस्सा तेवढा माझ्याकडं राहतो. वर्षभरात इतके साठले, की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला पाय पसरायला जागा नाही.

*

पहिली यादी देगलूरच्या एका गुरुजींची. त्यांची मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. मामांनी सांगितलं, मी लिहिलं : पंखा हळू फिरतो, आठशे रुपये.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अहो, पंखा हळू फिरतो म्हणून मीच तुम्हाला सहा वेळा फोन केला. पोरगी ओला टॉवेल पांघरून अभ्यास करायची."

मामा माझ्याकडं वळले. "लिही. पंखा खराब असल्याचं भाडेकरूला मान्य आहे!"

*

भिंतीला खिळा ठोकला तर भोकाला शंभर रुपये. पोरापोरींना हे माहीत असतं, म्हणून जायच्या आदल्या दिवशी त्या भोकात टूथपेस्ट भरतात. मामांना तेही माहीत असतं! ते भिंतीला नाक लावून चालतात. अंगठ्याच्या नखानं खरवडतात आणि वास घेतात.

दोन नंबरमध्ये तिघी मुली होत्या. मामांनी सहा भोकं शोधली. त्यांतली एक धिटुकली बॅगेतून ट्यूब घेऊन आली. "काका, आमची पेस्ट मिठाची हाय. ह्या चार भोकांना तर लवंगाचा वास येऊ लागलाय. ही आधीच्यांची."

मामांनी पुन्हा सगळ्यांचा वास घेतला. माणूस वासाला प्रामाणिक. दोनच भोकांचे कापले.

पण तेव्हापासून खोली दाखवताना आधारकार्डाच्या आधी ते विचारतात, "पेस्ट कोणती वापरता?"

*

तीन नंबरमध्ये किल्लारीकडचे एक काका-काकू होते. काकूंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. गावाहून जीपनं ये-जा सोसेना, म्हणून खोली घेतलेली. मी हिमायतनगरची, लातुरात माझं कुणीच नव्हतं. डायलिसिस नसेल त्या वारी दुपारी काकू आमच्याकडं येऊन बसायच्या. मी बोलत नाही याचं त्यांना काही वाटायचं नाही. दोघींच्या वाटचं त्याच बोलायच्या.

एकदा म्हणाल्या, "दवाखान्यानं सगळं खाल्लं बघ, माय. दोन म्हशी गेल्या, पाटल्या गेल्या. पण डिपॉझिटचे पंधरा हजार तेवढे सुखरूप हायेत. तुझ्या सासऱ्याकडं हायेत म्हणून! घरात असते तर तेबी गेले असते."

ते पैसे पल्लवीचे. पल्लवी म्हणजे त्यांची धाकटी, बारावी झालेली. तिला नर्सिंगला घालायचं होतं आणि ॲडमिशनचा पहिला हप्ता त्या पंधरा हजारांतून द्यायचा होता. "मला सुया टोचणाऱ्या पोरी बघतीस का? कशा ताठ चालतेत! माझी पल्लवी तशी चालली पाहिजे."

तोवर माझ्या हातून नऊ याद्या लिहून झाल्या होत्या. मी शेंगा फोडत राहिले.

*

पाच नंबरचे वाघमारे सर कोर्टात कारकून. त्यांची बदली झाली. मामांनी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. "हे बघा, देताना भिंत कशी होती. आन् आता बघा."

सरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "कोपऱ्यात कॅलेंडर दिसायलंय. लॉकडाऊनच्या आधीचं हाय. मी तर मागच्या साली आलो."

मामा जराही हलले नाहीत. "कॅलेंडर जुनं असंल, भिंत नवी होती!"

सरांनी खिशातून एक कागद काढला. खोली घेतानाच त्यांनी प्रत्येक डाग, प्रत्येक भोक लिहून खाली मामांची सही घेऊन ठेवली होती. त्यांना पूर्ण पैसे मिळाले. वर्षभरातले ते एकटेच.

जेवताना मामा म्हणाले, "शिकल्या-सवरल्याला रूम देऊ नये. इमान राहिलं न्हाई लोकांत."

*

अस्लमभाई पेंटर. सात नंबरमध्ये बायकोसोबत राहायचे आणि आमच्या आठही खोल्या तेच रंगवायचे. त्यांनी खोली सोडली तेव्हा मामांनी सांगितलं : रंगरंगोटी, अडीच हजार.

अस्लमभाई हसायलाच लागले. "मालक, रंगवायला शेवटी मलाच बोलवणार ना? कशाला कापताव? डबाबी माझा, ब्रशबी माझा. उद्या चकाचक करून देतो."

नवरा-बायकोनं मिळून दोन दिवसांत खोली अशी रंगवली, की आत्याबाई मुद्दाम बघून आल्या.

मग मामांनी सांगितलं, "रंगाचे काट. आता लिही : रंगाचा वास जाईपर्यंत खोली पंधरा दिवस रिकामी राहील. त्याचं भाडं, दोन हजार."

अस्लमभाई ह्या खेपेला हसले नाहीत. त्यांच्या बायकोनं माझ्या हातातली यादी घेतली. तिच्या हातांना कोपरापर्यंत पिस्ता रंग लागलेला होता. बराच वेळ कागद बघून म्हणाली, "भाभी, हे तुमचं अक्षर हाय? लई सुंदर हाय."

*

माझा दीर नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला. तिथं खोली घेऊन राहायचा. त्यानं खोली बदलली आणि तिथल्या एजंटानं डिपॉझिटमधून चार हजार कापले. कारण, पलंगाजवळच्या भिंतीला डोक्याच्या तेलाचे डाग!

मामा पहिल्या गाडीनं नांदेडला गेले. दिवसभर भांडून हात हलवत परत आले. चपला काढता काढताच सुरू झाले, "माणसं हायेत का कोण! लेकरू भिंतीला टेकणार न्हाई तर काय आढ्याला टेकणार? परक्या गावात शिकायलेत पोरं, त्यांचे पैसे असे खायचे? रात्री झोप कशी लागती ह्यांना?"

आत्याबाईंनी विचारलं, "भाकरी वाढू का?" आणि आत येऊन तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळल्या. मला वाटलं, हसताहेत. पदर काढला तर डोळे भरलेले होते.

मग मामांनी मला बसवलं. ग्राहक मंचाचं नाव घेऊन त्या एजंटाला नोटीस द्यायची होती. "लिही. रोजच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या डिपॉझिटमधून वसूल करता येत नाही."

आठवड्यात चार हजार परत आले. नियम मामांना तोंडपाठ होता!

*

काकू ऑगस्टमध्ये गेल्या. दुपारची वेळ होती, काका औषधं आणायला गेले होते. मामांचा फोन गेला तसे धावत आले. काकू तीन नंबरमध्ये पलंगावर होत्या, अंगावर चादर, उशाशी आत्याबाई उदबत्ती लावून बसलेल्या. मामा म्हणाले, "आपल्या अंथरुणावर गेल्या. नशीबवान बाई." काकांनी मामांचे दोन्ही हात धरले. मी दारात उभी होते. कुणी मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर काका पल्लवीला घेऊन खोली खाली करायला आले. दोघांनी फरशी धुतली, जाळं-जळमट काढलं. भिंतीला एकही खिळा नव्हता. मग आमच्या बैठकीत येऊन बसले. पल्लवीच्या मांडीवर ॲडमिशनची फाइल होती. दोन दिवसांनी शेवटची तारीख.

मामांनी सुरू केलं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, आठव्यात सोडली : एक भाडं, चार हजार. रंगरंगोटी : दीड हजार. मी लिहीत होते. माझं अक्षर त्या दिवशी चांगलं येत नव्हतं.

"आन् शांतीचे सहा हजार." मामा थोडे खाकरले. "खोलीत माणूस गेलं. मालक म्हणतो, होम घाला, भटजी बोलवा. त्याशिवाय पुढचा भाडेकरू यायचा न्हाई."

पंधरातले साडेतीन उरत होते. हे मोबाइल बघत होते. मोबाइल बंद होता, मला समोरून काळी काच दिसत होती. आत्याबाई उठून आत गेल्या.

पल्लवी म्हणाली, "मामा, आईचे सहा हजार कापायलाव तुम्ही?"

काकांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे, बाई. खरं हाय त्यांचं. दुसऱ्याच्या घरात मरण आणलं आपण. मी तिला म्हणलो होतो, दवाखान्यात भरती हो. ऐकली न्हाई." मग मामांकडं वळून त्यांनी हात जोडले. "तिच्या वतीनं मी माफी मागतो, साहेब. नर्सिंगचं बघू पुढच्या साली."

"लिही," मामा मला म्हणाले. "शांत, सहा हजार."

मी पेनाला टोपण लावलं. त्या घरात आल्यापासून कुणी विचारल्याशिवाय मी एक शब्द बोलले नव्हते. आवाज माझाच आहे का, हे मलाच नीट कळेना.

"काका, हात जोडू नका. काकू तुमच्या खोलीत गेल्या नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मामांनी आन् ह्यांनी त्यांना उचलून तीन नंबरमध्ये निजवलं, आन् मग तुम्हाला फोन केला."